ओली शेड

बायकोने ती पांढरी पट्टी पाण्याच्या जगला टेकवून उभी केली आणि मुलीकडे बघितलं.

“बोला,” ती म्हणाली.

ती मुलीला अहोजाहो करायला लागली की प्रकरण हाताबाहेर गेलं, असं त्या घरात समजलं जाई. पोस्टाच्या खिडकीवर हुज्जत घालणाऱ्यांशीही ती याच आदराने बोलायची, आणि त्यांतलं कुणी जिंकून घरी गेल्याचं ऐकिवात नव्हतं.

मास्तर दारातच थांबले. एका पायातली चप्पल निघाली होती, दुसरी पायातच होती. पट्टी त्यांची होती.

ती त्यांनी सकाळी, दोघी बाहेर पडल्यावर, न्हाणीघराच्या खिडकीत साबणाच्या डब्यामागे ठेवली होती. दुपारी जेवायला यायचं, दार लावून शांतपणे बघायची, मग काय ते ठरवायचं, असा बेत होता. नेमकी आज पोस्टातली मशीन बंद पडली आणि बायको त्यांच्याआधी घरी आली. ती एकदा घरी आली की साबणाच्या डब्यामागेसुद्धा फडकं मारते, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्यांच्या लक्षात राहायला हवं होतं.

“आई, माझं नाहीये हे.”

“दोन रेघा आहेत.”

“असू देत. दहा असू देत! माझं नाहीये.”

“ठमे, मी काही कालची नाही. तू झालीस तेव्हा मीही अशीच पट्टी बघितली होती.”

ठमी हे घरातलं नाव कॉलेजात कळू नये म्हणून मुलीने आजवर बऱ्याच खटपटी केल्या होत्या. एरवी त्या नावावर ती उसळली असती. आज नुसती लाल झाली आणि मदतीसाठी बापाकडे बघू लागली.

मास्तरांनी दुसरी चप्पल काढली. ती पहिलीशेजारी नीट लावली. मग पुन्हा जरा सरळ केली.

कापड रंगवायच्या कारखान्यात ते डाईंगमास्तर होते. गिऱ्हाइकाने आणलेल्या चिंधीचा रंग हजार मीटर कापडावर हुबेहूब उतरवायचा, आणि उतरला की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. मालकाने मध्यंतरी रंग मोजायचं यंत्र आणलं होतं. त्याचं आणि मास्तरांचं पटेना, तेव्हा यंत्रावर कव्हर चढवण्यात आलं. दारातूनच त्यांना टेबलावरच्या पट्टीवरच्या दोन्ही रेघा दिसत होत्या. पहिली ठसठशीत. दुसरी फिकी, पाण्यात रंगाचा एक थेंब पडावा इतकीच गुलाबी. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती. बायकोला दिसली होती, कारण ती शोधत होती.

ते खुर्चीवर बसले.

“तुम्ही काही बोलणार आहात का?” बायको त्यांच्याकडे वळली. “का कारखान्यातच जीभ ठेवून आलात?”

“जेवून घेऊ या आधी,” मास्तर म्हणाले.

“जेवून! ऐकलंस? पोरगी काय करून बसलीये, आणि यांना भूक लागलीये.”

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रडकी नव्हती; लहानपणी हात मोडला तेव्हाही प्लास्टर घालणाऱ्यालाच घट्ट बांधा म्हणून सूचना देत होती. मास्तरांनी पाण्याच्या जगकडे बघितलं. त्यांच्या मनात एक अत्यंत नीच हिशेब सुरू होता, आणि तो फार वेगाने पुढे चालला होता. मुलगी खरं बोलतेय. आज ना उद्या डॉक्टरकडे नेतील, तिचं काही निघणार नाही, पट्टी खोटी ठरेल, केरात जाईल. दोन दिवस घर तापेल, मग निवेल. तोवर आपण गप्प बसलो तर...

“शेवटचं विचारते. तुझं नाही, मग कुणाचं? तुझ्या बाबांचं?”

“हो,” मास्तर म्हणाले.

बायको हसली. हसू अर्ध्यावर आलं आणि तिथेच राहिलं, कारण मास्तरांनी खिशातून घडी घातलेलं माहितीपत्रक काढून टेबलावर ठेवलं होतं.

“एचआयव्हीची आहे ती. घरच्या घरी करायची. हिरड्यांवरून फिरवतात.”

वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर ओढत होतं.

कागद मुलीने उचलला. आतापर्यंत आरोपी असलेली ती एकदम शहाणी दिसायला लागली.

“कधी केलीत?”

“सकाळी. चहाही घेतला नव्हता. आधी काही खायचं-प्यायचं नाही म्हणून लिहिलंय.”

“आणि बघितलीत कधी?”

“आत्ताच. आईने उभी केली तेव्हा.”

“मधल्या वेळात?”

“वाळत ठेवली होती.”

“वाळत?”

“ओली बघून काय कळणार?” मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. “ओला रंग खोटं बोलतो. ओल्या शेडवर मी जन्मात सही केलेली नाही.”

माहितीपत्रक त्यांनी अर्धंच वाचलं होतं. हिरडीवरून कशी फिरवायची, नळीत कशी उभी करायची, हे अक्षरन् अक्षर वाचलं. रेघ बघायचा भाग आला तेव्हा कागद घडी घालून खिशात टाकला. रंग कधी बघायचा, हे त्यांना कुणी शिकवावं?

मुलीने डोळे पुसले आणि बोट ठेवून वाचलं. “वीस मिनिटांनी बघायची. चाळीसच्या आत. नंतर उमटलेली रेघ धरायची नाही. बाबा, ओलीच बघायची असते ही.”

मास्तरांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं.

“म्हणजे नाहीये?” बायकोने विचारलं.

“म्हणजे काहीच नाही. आहे असंही नाही, नाही असंही नाही. वेळेत बघितलेली रेघ असती तरी रक्त तपासून पक्कं करावं लागतं, असं लिहिलंय. आणि रेघ नसती...” ती वाचता वाचता थांबली.

“वाच.”

“आई, मी जरा...”

“वाच म्हणते ना.”

मुलीने कागद आईपुढे सरकवला, जग उचलला आणि पाणी भरून आणते म्हणून आत गेली. जग भरलेला होता.

बायकोने चष्मा लावला. पोस्टात दुसऱ्याचा कुठलाही कागद वाचताना तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. आताही हलली नाही. वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला.

“संबंध आल्याला तीन महिने झाले नसतील, तर ‘नाही’ आलेलं धरून चालायचं नाही,” ती म्हणाली. हे ती त्यांना सांगत नव्हती, विचारत होती.

मास्तरांनी टेबलावरच्या माहितीपत्रकाची घडी घातली.

“झालेत का तीन महिने?”

समोरच्या खुर्चीच्या पाठीवर तिची करडी शाल होती. दूरच्या गावी कापडाचं प्रदर्शन होतं, तिकडून मास्तरांनी आणलेली. आणली तेव्हा तिला नवल वाटलं होतं. परगावाहून ते फक्त चिंध्या आणत. त्यांची नजर शालीवर गेली. नजर त्यांनी लगेच वळवली, पण नजरेची कामं करणाऱ्या माणसाचीही नजर कुणीतरी बघत असतं.

“नाही झालेत,” बायकोने स्वतःच उत्तर दिलं. “ही आणून दीड महिनाच झालाय.”

आत नळ चालू होता आणि चालूच राहिला.

“ही पट्टी सापडली नसती तर सांगितलं असतंत?”

“अशी पट्टी दुकानात मिळाली नसती तर तपासलंच नसतं मी,” मास्तर म्हणाले. हे खरं होतं, आणि तिने विचारलेल्याचं उत्तर नव्हतं. “दवाखान्याच्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन आलो. आत तुझा भाऊ बसतो.”

तिचा भाऊ मोठ्या दवाखान्यात रक्त काढायचा. माणूस कामाला चोख होता, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. शेजाऱ्याच्या वाढलेल्या साखरेची बातमी त्याने शेजाऱ्याच्या आधी याच टेबलावर सांगितली होती.

बायको उठली. पट्टी तिने कागदात गुंडाळली, केराच्या डब्यापर्यंत नेली आणि परत येऊन पर्समध्ये ठेवली. शालीला हात लावला नाही. आतला नळ बंद झाला.

“चप्पल घाला,” ती म्हणाली.

“अगं, पण तो आख्ख्या नात्यात बोभाटा...”

“करू दे.”

“काय सांगायचं त्याला?”

ती दारात पोचली होती. पाठमोरीच राहून तिने पर्सची चेन ओढली. ती मध्ये अडकली. तिने मागे घेऊन पुन्हा ओढली.

“सांगा, दोघांचं घ्यायचंय.”