सेनुवाराला आलेले फोन

सेनुवाराच्या निवडणुकीच्या अर्जावर सूचक म्हणून माझा अंगठा आहे. त्यामुळे हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. तिच्याइतकीच मीही घाबरले होते. खरं सांगायचं तर जास्तच.

आमच्या झोपड्या शेजारी शेजारी, ती मला बुबू म्हणते, म्हणजे थोरली बहीण. मध्ये बांबूची एकच तट्टी. तिनं कांदा चिरला की माझे डोळे चुरचुरतात. बर्मातून नदी ओलांडली तेव्हा तिची शोफिका पाच वर्षांची होती, आता तेरा पुरी झाली. नवरा पलीकडेच मारला गेला.

निर्वासितांच्या या छावणीत आमच्या वस्तीचे बायकांचे संडास टेकडीच्या उतरणीला आहेत. पाच दारं, त्यातल्या चारांना आतून कडी नव्हती. दिवा तर नव्हताच. दुपार कलली की बायका पाणी पिणं बंद करायच्या, म्हणजे अंधारात जायला नको. माझ्या सुनेला त्यापायी मूतखडा झाला. सेनुवारा दोनदा वस्तीच्या प्रमुखाकडे गेली. तो म्हणाला, "एकीनं आत जावं, दुसरीनं दार धरावं. यात काय मोठं?"

मग छावणीच्या कार्यालयानं जाहीर केलं की समिती निवडून द्यायची, त्यात निम्म्या जागा बायकांच्या. सेनुवारा कागद घेऊन माझ्याकडे आली.

"दिलदारबुबू, अंगठा दे."

"कशावर?"

"मी उभी राहतेय."

"मरायची हौस आलीय का गं तुला?"

"कडी लावायची हौस आलीय. दे."

मी दिला.

पहिला फोन तिसऱ्या दिवशी आला. आम्ही दोघी सुकट निवडत बसलो होतो. ती "हॅलो" म्हणाली. तिच्या बोटांतली सुकट खाली पडली. मी फोनला कान लावला. पुरुषाचा आवाज, तोंडावर कापड धरल्यासारखा दबका, घाई नसलेला. "तुझी पोरगी नळावर उभी आहे. हिरवी ओढणी, निळी बादली. तिचा नंबर यायला अजून चार बायका आहेत. बायकांनी घरात बसावं. समजलं ना, बाई?"

सेनुवारा अनवाणीच पळाली. बुरखा नाही, तोंडासमोर धरायला छत्री नाही. मी मागून धापा टाकत गेले. शोफिका नळावर उभी होती. हिरवी ओढणी, निळी बादली. पुढे तीन बायका. आसपास रोजचीच माणसं: पानवाला, दोन म्हातारे, सिलिंडर वाहणारे हमाल. त्यातला कोण? मला प्रत्येकजण तोच वाटू लागला.

त्यानंतर रोज फोन. तिनं तो तांदळाच्या डब्यात पुरला, तर तिथूनही गुरगुरायचा. माझ्या अंगठ्याचा कागद त्या माणसानं पाहिला असेल का, हे एकच डोक्यात. शेवटी मीच म्हटलं, "नाव मागं घे. तुझ्या पाया पडते."

ती लगेच "चल" म्हणाली. तिलाही तेच हवं होतं. कार्यालयातल्या मुलीनं कागद पुढं केला, खूण कुठं करायची ते दाखवलं. सेनुवारानं पेन हातात घेतलं आणि तशीच बसून राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बुबू, नाव मागं घेतलं तर त्याला माझ्या पोरीची ओढणी दिसायची थांबणार आहे का?"

तिनं पेन ठेवून दिलं.

दुसऱ्याच दिवशी शोफिकाला दोन टेकड्यांपलीकडच्या छावणीत मावशीकडे धाडलं. पोर रडली, हिनं रडणं दाखवलं नाही. मतदानाला बायका आल्या, नाही असं नाही. छत्र्या खाली ओढून, एकमेकींशी न बोलता, खूण करून निघून गेल्या. सेनुवाराला एकसष्ट मतं पडली, ती निवडून आली. कुणी तिचं तोंड गोड केलं नाही.

पहिल्या बैठकीला मी सोबतीला गेले, दाराशी बसले. आठ पुरुष, आठ बायका. सेनुवारा उभी राहिली, संडासांचं बोलू लागली. तेवढ्यात समोरून समितीतले फोयाजचाचा म्हणाले, "ऊन चढलंय, थोडक्यात उरका. समजलं ना, बाई?"

सेनुवाराचं तोंड पांढरंफटक पडलं. ती खाली बसली. "समजलं ना, बाई" म्हणायची ती ढब मीही ओळखली होती.

फोयाजचाचा आमच्याच गावचे. सुकटीचं दुकान चालवतात. नदीकाठच्या चिखलातून सेनुवाराच्या आईला त्यांनीच पाठुंगळी आणलं होतं.

"कुणाला सांगू नकोस," येताना मी म्हटलं.

"त्यांनाच सांगणार," ती म्हणाली.

सकाळी दुकानात गर्दी नव्हती. ती थेट म्हणाली, "चाचा, फोन तुम्ही करत होता."

त्यांनी नाही म्हटलं नाही. तराजूतली सुकट पुन्हा टोपलीत ओतली, गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. "हळू बोल, बेटी. ते बंदूकवाले इथंच बसतात, तू उभी आहेस तिथं. फोन लावून हातात देतात, काय बोलायचं ते सांगतात. माझा धाकटा त्यांच्या ताब्यात आहे, पाच महिने झाले. मी काय करू?"

"शोफिकाला तुम्ही खांद्यावर खेळवलंय."

चाचा खाली बसले. या वयाचा माणूस असा हुंदके देताना मी पहिल्यांदाच पाहिला. मला त्यांची दया आली नाही. भीती मात्र दुप्पट झाली, कारण आता तो एक माणूस नव्हता.

सेनुवारा म्हणाली, "पुढच्या बैठकीत मी बोलेन. तुम्ही नुसतं गप्प बसा. तेवढं जमेल?"

त्यांनी मान डोलावली.

त्या बैठकीत ती बसूनच बोलली. आवाज इतका बारीक की मला दाराशी कान टवकारून ऐकावं लागलं. पण बोलली सगळं. दारं किती, कड्या किती, कितीजणी पाणी पीत नाहीत. हात वर करायची वेळ आली तेव्हा फोयाजचाचा गप्प बसले नाहीत, त्यांनी हात वर केला. कुणाकडेही न बघता.

महिनाभरात पाचही दारांना कड्या आल्या, उतरणीवर सौरदिवे लागले. तीनच, पण लागले. शोफिका अजून मावशीकडेच आहे. चाचांचा मुलगा परतलेला नाही. आता फोन दुसऱ्या आवाजात येतात, आणि त्यांत माझंही नाव असतं.

सेनुवारा एकटी कुठं जात नाही. आम्ही सात जणींनी वार वाटून घेतलेत. बुधवार माझा. मंगळवारी संध्याकाळपासूनच सून म्हणते, "सासूबाई, दुसरीला पाठवा." बुधवारी सकाळी मी बुरखा चढवते, छत्री घेते आणि तट्टीवर टकटक करते.