विलायती संडास

कडोदऱ्याच्या कारखान्यात आम्ही बाया ओढण्यांना लेस लावायचो आणि दिवसभर तहान मारायचो. पाणी पिलं की मागच्या बाभळीत जावं लागे, अन् तिथं ट्रकवाले टपलेले. शिलाई शिकायला महिना लागतो. तहान मारायला बाईचा जन्म पुरतो.

मग सरकारनं विलायतेशी करार केला. आपला कपडा आता तिकडं बिनजकातीचा जाणार म्हणून हसमुखशेठनं पेढे वाटले. माझी शेजारीण सुंदरा, अमळनेरकडची. तिनं विचारलं, आमची मजुरी वाढेल का? शेठ म्हणाला, देशाची इज्जत वाढेल. इज्जत अख्खी मिळाली, पेढा अर्धाच.

पण तिकडच्या व्यापाऱ्याची अट होती. जिथं बायांना संडास नाही तिथला माल नको. आम्ही इतकी वर्षं बोंबलत होतो तेव्हा शेठ बहिरा होता. विलायतेतून हळूच म्हटलं तर लगेच ऐकू आलं. गवंडी लागले. गुलाबी फरशी, आरसा, वासाचा साबण. तपासायला गोरी मडम आली. शेठनं आम्हाला हसत बसायला सांगितलं होतं, आणि तोंडाला धूळ अडवायच्या पट्ट्याही बांधल्या होत्या. मडमनं फोटो काढले, कारखाना पास केला. तिची गाडी हायवेला लागली अन् शेठनं संडासाला कुलूप घातलं. तुम्ही घाण कराल, म्हणाला. मडम आली की उघडू. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे.

चैत्राच्या उन्हात सुंदराची सून वर्षा मशीनवरच कोसळली. फणफणता ताप, लघवीला आग. डॉक्टर म्हणाला, पाणी पी, दाबून धरू नको. सुंदरा शेठकडं चावी मागायला गेली. शेठनं तिला फरशीचा भाव सांगितला. ती परत आली अन् लेस लावत बसली.

पहिला कंटेनर भरायचा दिवस आला. भर कामात सुंदरा उठली, तिच्यामागं आम्ही सगळ्या. मुकादम पंडित आमच्याच खानदेशचा. त्यानं वाट अडवली.

"पंडितभाऊ, लघवीले घर जाई येतस," सुंदरा म्हणाली. "तठे कुलूप नही."

रिक्षा करून आम्ही गोडादऱ्याला सुंदराच्या घरी गेलो. रस्त्यात गाड्या तुंबल्या होत्या, त्याला आमचा काय इलाज? सुंदरानं चहा ठेवला. परतून घटकाभर लेस लावली अन् पुन्हा उठलो, कारण चहा झाला होता. शेठला ओरडताही येईना. आम्ही ना संप केला होता, ना मजुरी मागितली होती. पंडित तर शेठशी बोलताना रुमालानं तोंड पुसत होता. हसू आवरत नव्हतं त्याला.

उन्हं कलली तरी कंटेनर अर्धा रिकामा. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. शेवटी शेठ स्वतः चावी घेऊन आला.

"चावी नको, शेठ," सुंदरा म्हणाली. "कुलूप द्या."

शेठनं दिलं. सुंदरानं ते पिशवीत टाकलं, अन् आम्ही अंधार पडायच्या आत माल भरून दिला.

पुढं शेठनं बाकीचे कारखानदार जमवले. गळ्यात हार घालून तो संडासापुढं उभा राहिला अन् म्हणाला, करारामुळं आमच्या बहिणींची सोय झाली, हा माझ्या मनाचा मोठेपणा. फोटोसाठी त्यानं सुंदराला शेजारी बोलावलं.

"थांबा शेठ, जाऊन येते," ती म्हणाली, अन् त्याला हारासकट दाराबाहेर उभं ठेवून तिनं आतून कडी लावली.