आत्याबाईंना भेटायला

"चौसष्टच्या चौसष्ट गेले, काकू!" मी फोनवर ओरडले.

"अगं, दवाखान्यातून फोन करतेस आणि असं काय बोलतेस? कोण गेले?"

माणसं नव्हेत, यंत्रं. आणि तीही गेली नव्हतीच. रुग्णालयातली चौसष्ट यंत्रं धडधाकट होती, फक्त माझ्या पडद्यावर सगळ्यांचे ठिपके लाल झाले होते. हा पडदा आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे आमच्या नेटवर्कवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम. दर मिनिटाला प्रत्येकाच्या दारात डोकावून 'आहेस ना रे?' विचारायचं आणि उत्तर नाही आलं की गावभर बोंब मारायची, म्हणून हे नाव.

हा प्रोग्रॅम काकूंच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी लिहिला. काका इथे कागदोपत्री टेलिफोन ऑपरेटर होते. जेवणाच्या सुट्टीत पुस्तकं वाचून शिकले. ते निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं आत्याबाईंना कोणी हात लावला नाही. नेटवर्क माझ्याकडे असूनही मीसुद्धा नाही. चालतंय ना, मग कशाला नसती उठाठेव?

काल फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा द्वारपाल, अपडेट झाला. त्याच्याशी बोलायला आत्याबाई जी लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, वापरत, तीही नवी आली आणि सगळं बिघडलं. नवे साहेब म्हणाले, "चारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर काढून टाका. म्हातारी झाली ती." मला रडूच आलं. या इमारतीत काकांची म्हणावी अशी ती एकच गोष्ट उरली होती.

"हे ऐकताहेत गं," काकू म्हणाल्या. "बूटसुद्धा घातले."

अर्ध्या तासात काका हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशावर अभ्यागताचा बिल्ला. मी खुर्ची रिकामी केली, तर ते स्टूल ओढून बाजूला बसले.

"तूच कर."

"मला नाही जमणार. मी घाबरून लांबच राहिले हो इतकी वर्षं."

"मग आता घाबरत घाबरत जवळ ये. द्वारपालाला ही काय विचारते ते बघ, आणि तो काय सांगतो तेही बघ."

मी पाहिलं. पूर्वी द्वारपाल प्रत्येक यंत्राबद्दल 'चालू' एवढंच सांगायचा. आता तारीख, वेळ, पत्ता सांगून मग 'चालू' म्हणत होता. आत्याबाईंना नेमका एकच शब्द हवा. एवढं पाल्हाळ ऐकून त्यांनी सगळ्यांनाच मेलेलं ठरवलं होतं.

"म्हणजे तो हो म्हणतोय आणि ही रुसून बसलीये!" मी म्हणाले. काका इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

एक ओळ बदलायची होती. उत्तरात कुठेही 'चालू' असलं तरी चालेल, एवढंच आत्याबाईंना समजवायचं. चार वेळा चुकले. पाचव्यांदा एक ठिपका हिरवा झाला, मग दुसरा, मग भराभर. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात साहेब दारात. चारला दहा मिनिटं होती. "एक लाल राहिलाय," ते म्हणाले.

माझा चेहरा पडला. "माझंच काहीतरी चुकलं असेल."

"ती म्हणतेय ना? मग आधी जाऊन बघ," काका म्हणाले.

तो ठिपका औषधांच्या खोलीतला होता. मी तिकडे धावले. लसींचा फ्रिज आणि त्याचं तापमान कळवणारं यंत्र एकाच प्लगवर चालत होतं. तो प्लग जमिनीवर पडला होता, आणि त्याच्या जागी औषधवाल्या भाऊंचा मोबाइल चार्ज होत होता.

"अहो, पाचच मिनिटं झाली!" भाऊ म्हणाले. मी प्लग परत लावला. फ्रिज अजून गार होता. उद्या सकाळी ज्या बाळांना टोचायचं, त्यांच्या लसी वाचल्या.

मी परतले तेव्हा चौसष्टही हिरवे होते. साहेबांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"राहू देत आत्याबाईंना. पण यापुढे त्यांची तब्येत कोणीतरी बघायची."

"मी बघेन," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

काकांना पोहोचवायला फाटकापर्यंत गेले. वॉचमन भेटायला येणाऱ्यांची वही घेऊन अडून बसला होता. "मॅडम, अशा कोणी बाई आपल्याकडे अ‍ॅडमिटच नाहीत!"

वहीत रुग्णाच्या नावापुढे काकांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'आत्याबाई'. नात्यापुढे, 'वडील'.

"बरं, आता कशा आहेत त्या?" हार मानून वॉचमनने विचारलं.

"ठणठणीत," काका म्हणाले. त्यांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला, खिशावर पडलेली चुणी हाताने सारखी केली आणि फाटकाबाहेर पडले.