दोन पाड्यांचा एक दगड

या रे मुलांनो, असे माझ्याजवळ सरका. मधे मधे ओढा बोलेल, त्याचं मनावर घेऊ नका. भीतीची एक गोष्ट सांगतो.

मी एक जुना धार लावायचा दगड आहे. सिद्धगडाच्या पायथ्याला, वरचा पाडा आणि खालचा पाडा यांच्या मधे ओढ्याकाठी बसलोय. मला गुळगुळीत केलं पाण्यानं आणि माझी पाठ खोलगट केली कोयत्यांनी. भाताच्या रोपांची जागा भाजायला लागतो त्या राबासाठी फांद्या तोडायच्या आधी दोन्ही पाडे माझ्याकडं यायचे. रीत अशी, की एका पाड्याचा माणूस वाकून कोयता घासी आणि दुसऱ्या पाड्याचा वरून पाणी घाली.

महायुद्ध चालू होतं, बेचाळीसच्या माघात धसईच्या बाजारातून बातमी आली. शत्रू मुंबईवर येणार आणि त्याला घाटाची वाट दाखवणारे आपल्यातलेच असणार! झालं. मारुतीच्या देवळात कीर्तनाला दोन्ही पाडे आले, पण पाठ भिंतीला लावून, एकमेकांवर नजर ठेवून बसले. बुवांनी टाळ थांबवले. "अरे, देव इकडं समोर हाय रे!" तरी नजरा एकमेकांवरच. बुवा म्हणाले, "मोठ्या देशांचं बी असंच चाललंय. त्यांनी तोफा केल्या म्हणून ह्यांनी, ह्यांनी केल्या म्हणून त्यांनी."

मित्रांनो, मग माझ्याकडं माणसं एकेकटी येऊ लागली, आपलं पाणी आपणच घालायला आपापलं मडकं घेऊन. वरचे कुजबुजत, "खालच्यांनी कोयते पाजळलेत." खालचेही तेच कुजबुजत. राब तोंडावर आलाय, हे कुणाला आठवेना.

रखमी वरच्या पाड्याची लेक, खालच्या पाड्याची सून. तिचा भाऊ धाऊ कोयता घासत होता. ती धुणं टाकून आली.

"कशापायी रे एवढी धार?"

"तुझ्या नवऱ्याला इचार, तो का पाजळतो?"

"तो म्हनतो, धाऊ पाजळतो म्हनून!"

"त्यांचीच झालीस गो तू."

"उद्या कोयते उठले तर मी कोनाला रडू? तुला का त्याला?"

तिनं धाऊचं मडकं लाथेनं उलटं केलं. पलीकडच्या बांधावर तिचा नवरा गोजर उभा होता, त्याला तिनं हाक मारली. "अवो, या इकडं! पाणी घाला."

गोजर आला, तेच मडकं ओढ्यात भरून धाऊपाशी उभा राहिला. रखमीनं त्याच्या कमरेच्या आकडीतला कोयता काढून माझ्या शेजारी ठेवला. धाऊला वाकावं लागलं. मान गोजरच्या हाताखाली आली. धाऊ पात्याकडं कुठला बघतोय, डोळे सारे वर, गोजरवर! धाऊचा अंगठा कापला. गोजरनं जखमेवर पाणी ओतलं, मुंडाशाची चिंधी फाडून बांधली.

"भावजी, तुमचे हात का थरथरतात?" धाऊनं विचारलं.

"आता माझी पाळी हाय ना रे वाकायची."

हे पाहून बाकीचेही पुन्हा जोडीनं येऊ लागले, आणि त्या वर्षी कोयत्यांनी फांद्याच तोडल्या. तरी काहीजण पुढं कितीतरी दिवस आपलं मडकं घेऊनच येत. भीती सहज सुटत नाही, बाळांनो.

आता माझ्या पाठीवर शेवाळ आहे. शेजाऱ्याच्या हातात कोयता दिसला, तर आपला पाजळण्याआधी त्याला विचारा, "राब तोडायचा का?" आणि ओढा ओलांडताना मडकं उलटं करणाऱ्या आमच्या रखमीची आठवण काढा.