पट्टीवरचा शेक

"अजून तापू दे वीट. कोमट विटीनं का होते?" चंद्रकांता पालथी पडूनच ओरडली.

निर्मलाबाईने चुलीतली वीट चिमट्याने उलटी केली. "चूप पड. चामडी जळली तं मलेच बोलशीन."

"चामडी राहिलीच कुठं? बांधीत वाकून वाकून कमान झाली माही. मेली तं तिरडीवर सरळ नाही मावणार, खुर्चीत बसवून न्या लागन मले."

"तोंड तेवढं नाही थकलं तुह्यं."

आसगावात धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, सुरू झाला, की बांधीच्या खाचरात वाकलेल्या बायांच्या कमरा निर्मलाबाईच्या पडवीत येऊन पडतात. तापलेली वीट रुईच्या पानांत आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायची आणि दुखऱ्या जागी धरायची, एवढंच तिचं शास्त्र. गावाला ते पुरत होतं. चंद्रकांता मात्र शेजारीण म्हणून रोजच यायची. निर्मलाबाईचा नवरा यादोराव गेल्यापासून ती मुक्कामालाही इथेच असे. नव्याने कपाळ पुसलेल्या बाईला रात्री एकटं ठेवत नाहीत. चंद्रकांता स्वतः कधीची विधवा. त्या रात्री कशा असतात ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

यादोरावचा जबडा तंबाखूच्या खर्ऱ्याने खाल्ला होता, कॅन्सर. दुखणं असं, की माणूस खाटेची दोरी दातांत धरून कुत्र्यासारखा विव्हळायचा. गोळ्यांनी काहीच होईना. शेवटी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात पट्टी मिळाली. नखाएवढी जाड नाही, तळहातावर ठेवली तर दिसायची नाही अशी. छातीवर चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी यादोरावने पेज मागितली. मरताना तो बायकोशी दोन शब्द बोलून मेला, ही त्या पट्टीचीच कृपा. औषध खोटं नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं.

"लावा, तीन दिवसांनी बदला," डॉक्टर मान वर न करता म्हणाला आणि त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली. खोक्यात एक घडीचा कागद होता. इंग्रजी. मुंगीलाही चष्मा लागावा एवढी अक्षरं. तो निर्मलाबाईने चूल पेटवायला वापरला. दुसरं काय करणार होती?

"बाई," चंद्रकांता उशीत तोंड खुपसून म्हणाली, "बुढ्याची पट्टी उरली असन ना वं?"

"उरल्या आहेत दोन."

"मंग कोनासाठी ठेवून राहिली? लाव मले. उद्या नाही गेली बांधीवर तं दुसरी बाई लावतीन माह्या जागी."

निर्मलाबाईने शिंकाळ्याकडे पाहिलं. "त्याच्या रोगाची होती ते."

"रोगाची कायची? दुखण्याची होती. मले का दुखत नाही?"

यादोराव रडायचा, हीही रडत होती. महागाचं औषध शिंकाळ्यात पडून होतं. ज्या बाईने यादोरावचं रक्त थुंकायचं भांडं नाक न मुरडता धुतलं, तिला नाही कसं म्हणायचं? निर्मलाबाईने पट्टी काढली, चंद्रकांताच्या कमरेवर चिकटवली, हाताने दाबली. आणि मग जे जन्मभर केलं तेच केलं. लेप असो, तेल असो, पाला असो, वरून शेक दिल्याशिवाय औषध आत मुरत नाही, हे तिला सासूने शिकवलं होतं. तिने गरम वीट पट्टीवर ठेवली.

काही वेळाने चंद्रकांताची जीभ जड झाली. "बाई... दुखणं कोनी उचलून नेलं वं... झोप येऊन राहिली."

"झोप माय, झोप."

पहाटे निर्मलाबाई पुन्हा उठली, वीट तापवून आणली, तिथेच टेकवली. आपल्या बहिणीचंही एवढं कोणी करत नाही.

सकाळी चंद्रकांताची पोरगी, तृप्ती, दारात आली. "मोठमाय, माय उठली नाही? बाया निघाल्या बांधीवर."

आतून घोरणं ऐकू येत होतं. ओलं, घशात पाणी भरल्यासारखं. एक आवाज, मग लांब शांतता, मग दुसरा.

"अशी तं नाही घोरत माय," तृप्ती म्हणाली. "उठवू का?"

"उठवू नोको. किती दिवसांनी झोपली आहे. आज तिच्या जागी तू जा."

पोरगी गेली. निर्मलाबाईने अंगण झाडलं, तेही खराटा दाबून, आवाज होऊ नये म्हणून. कोंबडी पडवीत शिरली, तिला हाकललं. मग घोरणं थांबलं. बरं झालं, शांत झोप लागली, असं तिला वाटलं. चहा घेऊन ती आत गेली तेव्हा चंद्रकांताचे ओठ जांभळे पडले होते आणि कमरेची वीट अजून कोमट होती.

गाडी आली. दवाखान्यात न्यायचं म्हणून नेलं.

"पट्टीवर शेक दिला?" तिथला डॉक्टर ओरडला. मग त्याने सगळं सांगितलं. ही अफूच्या जातीची, फार जोराची पट्टी. ज्याच्या अंगाला असल्या औषधाची सवय झाली आहे त्यालाच लावायची. दुसऱ्याला देणं म्हणजे जीव घेणं. ऊब लागली, की सगळं औषध भसाभसा अंगात उतरतं आणि श्वास मंदावतो. तसं घोरणं म्हणजे झोप नव्हे, हलवून उठवायचं, उठली नाही तर तेव्हाच गाडी बोलवायची. एकेक शब्द स्वच्छ मराठीत. माणूस मेल्यावर सगळ्यांना मराठी येतं.

"सकाळी उठवली असती तं?" निर्मलाबाईने विचारलं.

डॉक्टर नळाखाली हात धूत राहिला. हात कधीचे धुऊन झाले होते.

पोलिसांनी अपघात लिहिला. एक नर्स घरी आली, तिने उरलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडली आणि घेऊन गेली. "अशी वस्तू घरात ठेवत नसतात, आजी." नागपूरच्या डॉक्टरला कोणी काही विचारलं नाही. त्याने तर पट्टी दिली होती, आणि ती लागूही पडली होती.

निर्मलाबाईच्या पडवीत मग कोणी येईना. वीट तिने रांजणाखाली सारून दिली. रात्रीच्या सोबतीलाही कोणी आलं नाही. समोरून तृप्ती रोज मायच्या जागी रोवणीला जायची, पण मान वळवायची नाही.

रोवणा संपत आला तेव्हा एका दुपारी ती दारात उभी राहिली. चौकट धरून, अर्धी वाकलेली.

"मोठमाय, वीट आहे?"

"मी नाही लावत आता."

"मंग कोन लावन? माय तं नाही."

आणि ती मायच्याच जागी पालथी पडली.

निर्मलाबाईने रांजणाखालची वीट काढली. चूल पेटवली. पोरीची पाठ उघडी केली आणि मानेपासून कमरेपर्यंत तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. काही चिकटलेलं नव्हतं. मग वीट टेकवली. तृप्तीचे डोळे मिटायला लागले.

"झोपू नोको," निर्मलाबाई म्हणाली. "बोलत राह्य."

"का बोलू?"

"काही बी बोल. बांधीचं बोल."

तृप्ती बोलायला लागली. तळ्याखालची बांधी राहिली आहे, रोवायचे धानाचे पऱ्हे पिवळे पडून राहिले, सुखरामची म्हैस परवा रोवलेल्यात शिरली. बोलता बोलता ती दम घ्यायला थांबली, की निर्मलाबाई वीट वर उचलून धरत होती. बोलणं सुरू झालं, की परत टेकवत होती.