खांद्याखालची कल्हई

मित्रांनो, मी वयाने जुनी, जातीने पितळी आणि सध्या कोर्टाच्या ताब्यात असलेली एक चरवी आहे. दूध-ताक ठेवायचे, अरुंद गळ्याचे आणि रुंद खांद्यांचे भांडे. मुद्देमालाच्या खोलीत कुऱ्हाडी आणि डागाळलेले शर्ट माझे शेजारी आहेत. इथे कोणी कोणाची विचारपूस करत नाही.

कळंबच्या सारजाबाईने मला लेकीच्या, वर्षाराणीच्या, रुखवतात ठेवले आणि मी तिच्याबरोबर जळकोटला सासरी आले. आंबट ताक उघड्या पितळेत राहिले की कळकते, म्हणजे हिरवट आणि विषारी होते. म्हणून पितळेला आतून कथलाचा पांढरा लेप देतात; तीच कल्हई. लेक पंचमीला माहेरी आली की सारजाबाई मला कल्हई करूनच परत पाठवी. "उघडं पितळ लेकीच्या घरी धाडलं तर मी आई कशाची?" असे ती म्हणे. शेवटच्या पंचमीलाही तिने तेच केले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वर्षाराणीचे पोट दुखू लागले. तिचा नवरा रणधीर याने माझ्यातल्या ताकात निळी पूड ढवळली. द्राक्षबागेवर फवारण्यासाठी आणलेले ते मोरचूद होते, तांब्याचे विष.

"अवो, लई कडू लागतंय," ती म्हणाली.

"औषध हाय. पेढ्यावानी लागंल व्हय? नाक दाब अन् पी."

तिने विश्वासाने घोट घेतले. दिवस मावळायच्या आत ती गेली आणि घरात आकांत झाला. लोक अंगणात जमत असताना रणधीरने मला न्हाणीत नेले आणि विटेच्या भुकटीने आतून खरवडले. कथील गेले, पितळ उघडे पडले. सारे पाहिलेली मी एकटी, आणि मला वाचा नाही.

खटल्यात त्याचे वकील म्हणाले, "पोटात तांबे सापडले, हे मान्य. पण चरवीला कल्हईच नव्हती. ताक कळकले, एवढेच घडले." पंचनाम्यातही 'आतून कल्हई नाही' असेच लिहिले होते. कल्हई केली होती, हा सारजाबाईचा शब्द एकटा पडला. रणधीर निर्दोष सुटला आणि त्याने मला परत मागितले. "बायकोची आठवण हाय," म्हणाला.

अशा सुटकेविरुद्ध वरच्या कोर्टात दाद मागता येते; तिला अपील म्हणतात. सारजाबाईने त्यासाठी राजेश्वरी नावाच्या वकीलबाईंना गाठले. कोर्टाची परवानगी काढून, विरुद्ध बाजूच्या वकिलांसमोर माझी मोहोर उघडण्यात आली.

"मावशी, आता काय बघायचं ऱ्हायलंय? फोटो हायत की," मुद्देमालाचा कारकून चन्नबसप्पा सारजाबाईला म्हणाला.

"भांडं घासलंय का कधी, साहेब?" सारजाबाईने विचारले.

"रोज घासतो. बायको ते पुन्हा घासती, ही गोष्ट येगळी."

राजेश्वरीबाईंनी बॅटरीचा झोत आत सोडला आणि एक छोटा आरसा माझ्या गळ्यातून खाली उतरवला. खांद्याच्या वळणाखाली आरशात पांढरा पट्टा चमकला. तिथे हात वळत नाही. भांडी घासणारी बाई काडीला काथ्या गुंडाळून ती जागा घासते. रणधीरने जन्मात भांडे घासले नव्हते. त्याची मूठ जिथवर पोहोचली, तिथवरच त्याला चरवी ठाऊक होती.

"मावशी, आहे," राजेश्वरीबाई हळूच म्हणाल्या.

"काय हाय?"

"तुमची कल्हई."

सारजाबाई तिथेच फरशीवर बसली.

माझ्या तोंडावर कापड बांधून मला पुन्हा मोहोरबंद केले गेले. अपील दाखल झाले. सुनावणी अजून व्हायची आहे. परवा रणधीर खोलीच्या खिडकीशी आला. आवाज अगदी मऊ होता.

"चन्नबसप्पा, किती काळी पडली बिचारी. जरा चिंच लावून आतून-बाहेरून घासून ठिवा की. आमचीच वस्तू हाय."

"हुकूम न्हाय," चन्नबसप्पा म्हणाला.

"हुकूम कशाला लागतोय? मी येतो की पुन्हा."

तो गेला. बोलताना खिडकीच्या गजांवर त्याचा हात होता; मला खरवडणारा तो हात मी ओळखला.

मित्रांनो, भांडी घासूनपुसून लख्ख ठेवा, असे कोणतेही भांडे तुम्हाला सांगेल. माझी विनवणी उलटी आहे. वरचे न्यायाधीश माझ्या आत डोकावून पाहीपर्यंत मला काळीच राहू द्या. कृपा करून मला कोणी घासू नका.