कोशातले चांदुकले

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. चांदुकले. माझा अर्थ सोपा आहे: लहानसा चंद्र. आपला रोजचा चंद्र नव्हे हं. दूरच्या थोरल्या ग्रहांभोवती जे बारके बारके चंद्र फिरतात, त्यांतला एखादा.

मला जन्म दिला भिंगे घासणाऱ्या एका कारागिराच्या लेकीने. बापाने नव्या दुर्बिणीतून तिला ग्रह दाखवला, तर ही ग्रह सोडून शेजारचे ठिपकेच बघत बसली आणि म्हणाली, "बाबा, याला तर चांदुकली झालीत."

पुढे मी पुस्तकांत शिरलो. एका कवीने झाडाखालच्या गोल कवडशांना चांदुकली म्हटले. एका लेखिकेने तर पातेल्यातल्या पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाच्या थेंबांना माझे नाव दिले. कुठे आकाश, कुठे पातेले! आणखी कुठेकुठे आपण सापडू, हे बघायची मला चटकच लागली.

मग लोकांनी 'उपग्रह' हा भारदस्त शब्द धरला आणि मला कुणी विचारेना. जाडजूड शब्दकोशात मी नुसता पडून राहिलो.

एकदा तो कोश बारीक करायचे ठरले. संपादक बाईंच्या कचेरीत एक रीत होती. शब्द काढण्याआधी तो मोठ्याने वाचायचा. टेबलाभोवतीच्या कुणी त्याचे स्वतःच्या अनुभवातले वाक्य केले, तर तो राहणार. नाहीतर त्याला नारळ.

माझी पाळी आली. बाईंनी मला वाचले. एकाने 'आकाशात चांदुकले आहे' असे म्हणून पाहिले, पण बाईंनी नकारार्थी मान हलवली. म्हातारे सहसंपादक मला कधीचे अडगळ म्हणत. त्यांनी लाल पेन्सिल उचललीसुद्धा.

पण पेन्सिल टेकेना. ते स्वतःच्याच अंगठ्याकडे बघत होते.

"काल मला नात झाली," ते हळूच म्हणाले. "तिची मूठ सोडवून बघितली, तर अंगठ्याच्या नखावर, अगदी मुळाशी, एवढंसं पांढरं चांदुकलं होतं. दवाखान्यातून आल्यापासून मी त्याला काय म्हणायचं तेच शोधत होतो."

बाईंनी त्यांच्या हातातली लाल पेन्सिल काढून घेतली आणि साधी दिली. ते वाक्य सहसंपादकांनी स्वतःच माझ्यापुढे लिहिले. मला तर रडूच यायचे बाकी होते.

मित्रांनो, जुन्या शब्दांना अधूनमधून कामाला लावत जा, एवढेच मागणे आहे. आणि आता जरा तुमचा अंगठा बघा बरे. मी आहे का तिथे?